रिव्हर्सिबल कॉम्प्युटिंग आलं की लॅपटॉप तापायचा थांबेल का?

इतक्यात तरी नाही. (रिव्हर्सिबल कॉम्प्युटिंग म्हणजे माहिती न पुसता, उत्तरावरून मागे जाता येईल अशी आकडेमोड.) खरं तर इथेच थांबलो असतो, पण प्रश्नाखाली तुम्ही ‘बर्फ-पाण्यासारखं रिव्हर्सिबल’ असं लिहिलंय, ते वाचून राहवलं नाही.

धुळ्यात आमची रसवंती होती. सकाळी भुसा लावून गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी यायची. मे महिन्यात दुपारी दोनला पारा 45 वर आणि गोणपाटाखालून ओघळ पार रस्त्यापर्यंत. वडील पायानेच गोणपाट सरकवून बघायचे आणि म्हणायचे, “पैसा पानीमा गया.” त्याच सुट्टीत बारावीच्या जादा तासाला सर म्हणाले, बर्फ वितळणं ही रिव्हर्सिबल प्रक्रिया, कारण पाणी पुन्हा गोठवता येतं. मी उठून विचारलं, “सर, बर्फाच्या कारखान्याचं लाइटबिल कोण भरणार?” वर्ग हसला आणि उरलेला तास मी व्हरांड्यात.

हिशोब आता मांडतो. 1 किलो बर्फ वितळायला 334 किलोज्यूल लागतात. त्यात बर्फाची एन्ट्रॉपी, म्हणजे ऊर्जा किती विखुरली त्याचं माप, 1223 ज्यूल प्रति केल्विनने वाढते, 45 अंशांच्या हवेची 1050 ने घटते. मधले 173 कुणाच्या बापाला परत आणता येत नाहीत. ही एकूण वाढ शून्य असेल तरच प्रक्रिया खरी रिव्हर्सिबल. हवा शून्याच्या केसभरच वर असती तर सर बरोबर होते. धुळ्यात तशी हवा नसते.

कॉम्प्युटरमधल्या गेटचंही असंच. गेट म्हणजे बिट (0 किंवा 1) घेऊन उत्तर देणारं छोटं सर्किट; अँड गेट दोन्ही बिट 1 असले तरच 1 देतं. अँड गेटमधून 0 आला, तर आत 00 गेलं होतं, 01 की 10? कळायला मार्ग नाही, माहिती पुसली गेली. 1961 मध्ये आयबीएमच्या रॉल्फ लँडाउअर यांनी मांडलं की एक बिट पुसायची किंमत उष्णतेतच चुकवावी लागते, निदान केटी लॉग 2 इतकी (के म्हणजे बोल्ट्झमनचा स्थिरांक, टी म्हणजे केल्विनमधलं तापमान, लॉग नैसर्गिक). 1973 मध्ये चार्ल्स बेनेट यांनी तोड सुचवली: मधल्या सगळ्या पायऱ्या जपा, उत्तराची नक्कल काढून घ्या आणि आल्या पावली मागे जा. पुसायचं कामच पडत नाही. टोफोली गेट या रिव्हर्सिबल गेटमध्ये म्हणूनच तीन बिट आत, तीन बाहेर; बाहेरच्यांवरून आतले ओळखता येतात.

हां, पण यात मेमरी जास्त खाल्ली जाते आणि उष्णता खरंच वाचवायची तर फार सावकाश चालावं लागतं. शिवाय आजच्या चिप त्या किमान किमतीच्या हजारो पट उधळतात, त्यामुळे तुमचा लॅपटॉप लँडाउअरमुळे तापत नाहीये. पंख्यातली धूळ काढा.

आणि घरात कुणी बारावीला असेल तर ‘उलटं करता येतं’ म्हणजे ‘रिव्हर्सिबल’ असं त्याला सांगू नका. आमचे सर हे वाचत असतील, तर 173 चा आकडा त्यांनी स्वतः काढून बघावा.