दिवसाला साडेसहा तास मोबाईल: हे व्यसन की नुसती सवय?

तुम्ही विचारलंय की फोन रोज साडेसहा तास स्क्रीन टाइम दाखवतो, तर याला व्यसन म्हणायचं की सवय. मी डॉक्टर नाही. नाशिकला अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीन, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन, चालवतो. पण या चिखलातून गेलोय, म्हणून लिहितो.

आधी तो साडेसहाचा आकडा बाजूला ठेवा. आमच्या घरात सगळ्यात जास्त स्क्रीन टाइम बायकोचा. ती ब्लाउज शिवते. गिऱ्हाइकं व्हॉट्सॲपवर डिझाइनचे फोटो पाठवतात, ते समोर उघडे ठेवून तिचं कटिंग चालतं. सहा तास सहज भरतात. पण संध्याकाळी फोन चार्जिंगला लावला की मेथी निवडताना तिला त्याची आठवणही येत नाही. माझे चारच तास व्हायचे आणि मी पुरता अडकलो होतो.

कसा, ते सांगतो. आमच्याकडे जॉब, म्हणजे घडवायचा धातूचा तुकडा, चकमध्ये (मशीनच्या पकडीत) लावायचा, दार ओढायचं, सायकल स्टार्ट दाबायचं. मग अडीच मिनिटं मशीन आपलं आपण चालतं. पूर्वी तेवढ्यात मी आधीच्या जॉबची बर, म्हणजे कडेला राहिलेली खरखरीत धार, काढायचो, व्हर्नियर लावून माप बघायचो, शेजारच्या मशीनवाल्याशी दोन शब्द बोलायचो. पुढे पुढे हात परस्पर खिशात जायला लागला. एकदा लक्ष रीलमध्ये ठेवूनच पुढचा जॉब लावला, तोही उलटा. टूल जाऊन धडकलं, इन्सर्टचा, म्हणजे टूलच्या टोकाच्या पात्याचा, चुरा झाला. सुपरवायझर ओरडला नाही, नुसता माझ्या हातातल्या फोनकडे बघत उभा राहिला. आणि खरं सांगू? अर्ध्या तासात मी पुन्हा रील बघत होतो. टूल तुटल्यापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत (आयसीडी-११, लागू १ जानेवारी २०२२ पासून) मोबाईलचं व्यसन असा वेगळा आजार नाही. गेम खेळण्याचा विकार मात्र आहे, आणि त्याची लक्षणं वाचली तर तासांचा आकडा कुठेच नाही. तिथे तीनच गोष्टी बघतात: आवरतं का, बाकीच्या कामांपेक्षा ते वरचढ झालंय का, आणि नुकसान दिसत असूनही चालूच आहे का. हे साधारण वर्षभर टिकलेलं असावं लागतं. मी गेम खेळत नाही, पण तिसरी ओळ वाचून तो उलटा लावलेला जॉब आठवला.

यात सगळा दोष आपल्या मनाचा, असं मी मानत नाही. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. चोच मारल्यावर दर वेळी दाणा मिळाला, तर दाणा बंद होताच कबुतर लवकर नाद सोडतं. कधी मिळतो, कधी नाही, असं असेल तर चोच मारतच राहतं. दहा फालतू रील्सनंतर अकरावा झकास निघतो, ते हेच. शिवाय पूर्वी पान संपायचं, पुढच्या पानासाठी बटण दाबावं लागायचं. २००६ मध्ये आझा रास्किनने न संपणारं स्क्रोल तयार केलं आणि थांबायची ती जागाच गेली. पुढे त्यानेच जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला. आपल्याला त्याचा काय उपयोग म्हणा.

मी काय केलं? आधी लोकांनी सांगितलेले सगळे उपाय. स्क्रीन काळीपांढरी केली, तर काळेपांढरे रील्स बघितले. ॲप काढून टाकलं, तिसऱ्या दिवशी परत आलं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, हे वाचून घरी तसा नियम लावला. आईच्या मालिकेची वेळ नेमकी तीच. दोन दिवसांत नियम गुंडाळला. तिथे अख्खं गाव एकदम बंद करतं, आमच्या बिल्डिंगमध्ये एकटं आमचंच घर.

कामाला आला तो खडू. खिशाकडे हात गेला की मशीनच्या दारावर एक रेघ. बघितलं काय, किती वेळ, काही नाही, फक्त हात गेला की रेघ. पहिल्या शिफ्टला ५३ रेघा भरल्या. जवळजवळ सगळ्या त्या अडीच मिनिटांतल्या. म्हणजे मला रील्स हवे होते असं नाही, मोकळं उभं राहणं जमत नव्हतं. मग फोन डब्याच्या पिशवीत ठेवून लॉकरमध्ये टाकायला लागलो. घरून काही तातडीचं असेल तर वर्कशॉपच्या नंबरवर फोन करा, असं सांगून ठेवलं. झोपताना फोन स्वयंपाकघरात, आणि उठायला मेन रोडवरून साधं गजराचं घड्याळ आणलं. पहिला आठवडा खिसा रिकामा असतानाही मांडीला व्हायब्रेशन जाणवायचं. ते गेलं.

तुम्हीही आठवडाभर तेवढंच मोजा, आणि हात कुठल्या वेळी जातो ते शेजारी लिहा. पण झोप उडाली असेल, कॉलेज-नोकरी सुटायची वेळ आली असेल, किंवा फोन काढून घेतल्यावर अंगावर धावून जावंसं वाटत असेल, तर खडूच्या नादी लागू नका. मानसिक त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

माझ्या कालच्या रेघा ११. त्यातल्या चार जेवणाच्या सुट्टीतल्या, त्या मी धरत नाही. बायको धरते.