फियाट पालिओ १.६ जीटीएक्सचं मूळ अलॉय व्हील खड्ड्यात आपटून वाकलंय. दुरुस्त करावं की बदलावं?

तुम्ही लिहिलंय की आतल्या कडेला बेंड आहे, दोन दिवसांत हवा उतरते आणि दर्शनी बाजू फुटपाथला घासलीय. एक गॅरेजवाला म्हणतो गॅसवर तापवून तासाभरात सरळ करून देतो, दुसरा म्हणतो चारही चाकं नवी घाला. माझ्याकडेही हीच गाडी आहे आणि या दोन्ही सल्ल्यांचा अनुभव मी घेतलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी विनंती: चाक गॅसवाल्याच्या हाती देऊ नका. अलॉय चाक म्हणजे अॅल्युमिनियममध्ये साधारण ७ टक्के सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम मिसळून केलेलं ओतकाम. कारखान्यात ते सुमारे ५४० अंशांवर काही तास तापवतात, एकदम पाण्यात थंड करतात आणि मग दीडशेच्या वर पुन्हा काही तास मुरवतात. चाकाची ताकद या मुरवण्यात असते. गॅस टॉर्चची ज्योत ती काही मिनिटांत घालवते. शिवाय लोखंड तापलं की लाल होतं, अॅल्युमिनियम तसं रंग बदलून काही सांगत नाही. किती तापलंय हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, आणि कारागीर कितीही जुना असला तरी तो इथे अंदाजानंच काम करत असतो.

माझं पुढचं डावं चाक असंच एका दुकानात तापवून, लाकडी ठोकळा ठेवून ठोकून दिलं होतं. गोल दिसत होतं, बॅलन्सिंगही झालं. चार महिन्यांनी पुन्हा हवा उतरायला लागली. टायर उतरवला तर ठोकलेल्या जागेपासून आत बोटभर लांब तडा गेलेला. त्या चाकावर मी घरच्यांना घेऊन घाट उतरलो होतो, हे आठवलं की अजूनही पोटात गोळा येतो.

म्हणून आधी टायर उतरवून चाक साबणाने स्वच्छ धुवा. हवा बेंडमधूनच जाते असं गृहीत धरू नका. इतक्या जुन्या चाकांवर टायर जिथे टेकतो तिथे पांढरी बुरशीसारखी गंज धरते, किंवा व्हॉल्वचं रबर कडक होतं. दोन्हींचा इलाज स्वस्त आहे. मग बेंडच्या आतल्या बाजूने नख फिरवा. नखाला रेघ लागली तर तो तडा समजा आणि थांबा. नाही लागली तरी डीपी (डाय पेनेट्रंट) टेस्ट, म्हणजे न दिसणारा तडा रंगाने शोधायची टेस्ट, करून घ्या: लाल द्रव लावायचा, थोड्या वेळाने पुसायचा, वर पांढरा डेव्हलपर मारायचा. तडा असेल तर लाल रेघ उमटते. कास्टिंग-वेल्डिंगची कामं चालतात तिथे, उदाहरणार्थ भोसरी एमआयडीसीसारख्या भागात, ही टेस्ट रोजची आहे.

तडा नसेल आणि बेंड फक्त कडेला असेल तर चाक वाचेल. हायड्रॉलिक प्रेसवर, डायल गेज (चाक किती वाकडं फिरतं ते काट्यावर दाखवणारं माप) लावून, हळूहळू दाबणारा माणूस शोधा. कामाआधी आणि नंतर गेजचा काटा किती हलतो ते स्वतः बघा.

तडा असेल तर आर्गॉन वेल्डिंग करून देणारे खूप भेटतील. आतल्या कडेच्या छोट्या तड्याला काही जण ते करतात. मी करणार नाही, कारण टाक्याच्या शेजारचा धातू मऊ पडतो आणि त्याला पुन्हा ती भट्टी कोणी देत नाही. स्पोकवर किंवा बोल्टच्या भोकांजवळ तडा असेल तर विषयच संपला. असं चाक स्टेपनीतही ठेवू नका. ते मिळत नाही म्हणून जीव अडकतो, मला कळतं, पण मग ते भिंतीवर लावा.

दर्शनी ओरखड्यांचं काम सगळ्यात सोपं. वॉटर पेपरने घासा, अॅल्युमिनियमला धरून राहणारा एच (etch) प्रायमर, मग सिल्व्हर आणि लॅकर. लेथवर डायमंड कट, म्हणजे दर्शनी बाजू कापून चकाकी आणणं, करून घेऊ नका, प्रत्येक वेळी धातू कमी होतो.

आता दुसऱ्या गॅरेजवाल्याचा सल्ला. पालिओचं पीसीडी, म्हणजे बोल्टची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, ४x९८ आहे: चार बोल्ट, ९८ मिलिमीटर. बाजारात लहान गाड्यांची बहुतेक चाकं ४x१००. फरक दोनच मिलिमीटर, म्हणून दुकानदार 'बसतं' म्हणतो, आणि बोल्ट खरंच आत जातात. पण प्रत्येक बोल्ट केंद्रापासून १ मिलिमीटर तिरका ओढला जातो, त्याचा शंकूसारखा निमुळता भाग चाकाच्या भोकात नीट बसत नाही, आणि गाडी चालता चालता बोल्ट सैल होतात. मीही एकदा घालून बघितली आणि आठवड्यात काढली. नवी घ्यायचीच तर ९८ पीसीडी आणि ५८.१ मिलिमीटर मधलं भोक, दोन्ही मोजून घ्या.

तोवर फियाटच्याच सिएना, पेट्रा किंवा साध्या पालिओची लोखंडी चाकं शोधा, पीसीडी तेच आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या सुट्या भागांत मला मिळाली होती. ही गाडी कुर्ल्यातच बनायची, त्यामुळे तिकडे 'पालिओ' म्हटलं की लगेच कळतं. मात्र अलॉयचे बोल्ट लोखंडी चाकाला सरसकट वापरू नका. लांबी जास्त असेल तर मागच्या ब्रेक ड्रममध्ये टोक अडकू शकतं. चाक लावल्यावर जॅकवरच हाताने फिरवून बघा. बसवताना हबवरचा (चाक ज्यावर बसतं त्या भागावरचा) गंज तारेच्या ब्रशने काढा, बोल्ट समोरासमोर टॉर्क रेंचने (ठरावीक जोर लावणाऱ्या पान्याने) आवळा आणि १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.