घाटमाथ्यावरच्या गावाचा इतिहास: आधी सन नीट वाचा

घाटमाथ्यावरचं जुनं गाव, देवळामागे चार वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मारकदगड), जुन्या कुलकर्ण्यांच्या घरात मोडी कागदांचं गाठोडं, दोन महिन्यांवर आलेली जीर्णोद्धाराची स्मरणिका, आणि वर ‘गावाच्या इतिहासाबाबत माहिती उपलब्ध नाही’ हे कार्यालयाचं लेखी उत्तर. तुमची ही अडचण अगदी ओळखीची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मोडी वाचणारा माणूस गाठणं, कागदांचे फोटो काढणं, जुन्याजाणत्यांशी बोलणं हे तुम्ही करतच असाल, त्यात जात नाही.

सगळ्यात महागात पडते ती सनाची चूक. आमच्याकडे पाटीलकीच्या निवाड्यावर ‘सन सबा सबैन मया व अलफ’ असं होतं. सबा सात, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे ११७७. तो आकडा फसली, म्हणजे महसुली सन धरून ५९० मिळवले गेले, साल आलं १७६७. कागदात ‘माधवराव पंडित प्रधान’ होतं आणि १७६७ मध्ये पेशवे माधवरावच होते, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. साल देवळाच्या कोनशिलेवर कोरलं गेलं. प्रत्यक्षात तो शुहूर, म्हणजे मराठी कागदांत चालणारा अरबी सन होता. शुहूरमध्ये ५९९ मिळवायचे, म्हणजे १७७६. पेशवे सवाई माधवराव, तेही दोन वर्षांचे, आणि कारभार बारभाईंचा. नऊ वर्षांच्या फरकाने निवाडा देणारी माणसंच बदलली. छापलेली पुस्तिका परत घेता येते, कोरलेला दगड नाही.

त्यामुळे हे पक्कं धरा. पेशवाईतल्या कागदात आकडा अरबी शब्दांत लिहिलेला असेल तर तो बहुतेक वेळा शुहूर, म्हणजेच अरबी सन असतो. तो मृगाला सुरू होतो. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवा, जानेवारी ते मृग ६००. फसलीही मृगालाच सुरू होते, पण तिच्यात ५९० किंवा ५९१ मिळवायचे. इंग्रजी अमलातल्या वसुलीच्या कागदांत ती हटकून भेटते. शब्द वाचतानाही घोळ होतो: सित सहा, सितैन साठ, समान आठ, समानीन ऐंशी, तिसा नऊ, तिसैन नव्वद, मया शंभर, मयातैन दोनशे. घाईत लिहिलेल्या मोडीत शेवटचा ‘न’ निसटला की साठाचे सहा होतात. तारखेआधी ‘छ’ असेल तर तो मुसलमानी महिन्याचा चंद्र. ५९९ घ्यायचे की ६००, हे तो महिना जंत्रीत शोधूनच ठरतं, अंदाजाने नाही.

शक दिला असेल तर पडताळा सोपा. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी येईल तो संवत्सराचा क्रमांक. शके १५९६: अधिक १२ म्हणजे १६०८, बाकी ४८, अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंद. शिवराज्याभिषेकाचं वर्ष आनंद संवत्सराचंच आहे. कागदातला शक आणि संवत्सर जुळत नसतील तर वाचनात चूक आहे, नाहीतर कागद नंतर रचलेला आहे. पेशव्यांच्या बाबतीत वडिलांचं नाव बघा: थोरले ते ‘माधवराव बल्लाळ’, सवाई ते ‘माधवराव नारायण’. शिक्क्याचा स्वच्छ फोटो असता तर आमची चूक पाच मिनिटांत कळली असती.

आता कार्यालयाचं उत्तर. ‘गावाचा इतिहास द्यावा’ असा अर्ज केला की ‘उपलब्ध नाही’ हेच येतं, कारण त्या नावाची फाइल कुठेच नसते. आम्हाला एका कार्यालयाने असंच दीड वर्ष फिरवलं. चीड अजून जात नाही, कारण कडईपत्रक (जमिनीच्या जुन्या नोंदींचं पत्रक) त्याच खोलीतल्या कपाटात होतं आणि अर्ज हातात घेणाऱ्याने ‘नेमकं काय पाहिजे’ एवढंही विचारलं नाही. तुम्ही नोंदवहीचं नाव घालून मागा. भूमी अभिलेखकडे जुनं टिपण, फाळणी नकाशा, आकारबंद. तहसीलच्या अभिलेख कक्षात कडईपत्रक, जुने फेरफार, जन्ममृत्यूचं कोतवाल बुक. अर्जात मौजे, जुना तालुका आणि सर्व्हे नंबर घाला. जुना जिल्हाही बघा. रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा होता. गाव भोर संस्थानात असेल तर १९४८ आधीचं दप्तर वेगळं असणार, हे धरून चला. माहिती अधिकारात अर्ज दहा रुपयांत होतो, उत्तराची मुदत ३० दिवस. पण माझ्या मते आधी अभिलेख पाहण्याचा साधा अर्ज करावा. नियम बदलत असतात, तेव्हा खिडकीवर एकदा विचारून घ्या.

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे. तिथे गावाच्या नावाने शोधण्याआधी तर्फ (तालुक्याखालचा जुना विभाग), मावळ किंवा खोरं शोधा. आणि शोधायचा तो तंटा. डोंगरातल्या गावाबद्दल सरकारला कागद करावा लागला तो भांडणामुळे: पाटीलकी कोणाची, शिव कुठली, घाटवाटेवरची जकात कोणी घ्यायची. अशा वादाच्या महजरात, म्हणजे निवाड्याच्या कागदात, साक्षीला अख्खं गोत (गावची वतनदार मंडळी) बसलेलं असतं. खाली नावांपुढे निशाण्या असतात, पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा. चार बोटं रुंदीच्या त्या पट्टीत गावातली घराणी एका ओळीत भेटतात. करिना, म्हणजे वादातल्या पक्षाने लिहून दिलेली हकिकत, मात्र जपून वापरा. ती एका पक्षाची बाजू असते, ‘पुरातन’ आणि ‘वडिलोपार्जित’ हे शब्द तिथे दाव्यासाठी येतात. दोन्ही पक्षांच्या करिन्यात जे समान आहे तेवढं घ्या, बाकीचं ‘अमुक पक्षाच्या म्हणण्याप्रमाणे’ असं लिहा.

वीरगळांबद्दल कळकळीची विनंती: नव्या देवळासाठी ते हलवू नका. हलवणं भागच असेल तर आधी जागेचा कच्चा नकाशा, एकमेकांतली अंतरं आणि तोंड कुठल्या दिशेला होतं ते लिहून ठेवा. ऑइल पेंट, ॲसिड, तारेचा ब्रश यांपैकी काहीही लावायचं नाही. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. शेवाळ राहिलं तर राहू द्या. फोटो दुपारी काढू नका, सकाळी कोवळ्या उन्हात काढा, किंवा रात्री बॅटरी दगडाच्या कडेला जवळजवळ टेकवून प्रकाश आडवा सोडा. झिजलेली रेघही सावली टाकते. शेजारी मोजपट्टी ठेवा. खालच्या चौकटीत लढाई, मधे वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य, असा साधारण क्रम असतो. खालच्या चौकटीत गाई असतील तर तो गोधन वाचवताना पडलेला वीर, आणि डोंगरातल्या गावासाठी ही मोठी माहिती आहे. नुसत्या शैलीवरून साल सांगणाऱ्यावर विसंबू नका, ‘मध्ययुगीन’ एवढंच छापा. ‘पांडवकालीन’ आख्यायिका म्हणून जरूर द्या, पण वेगळ्या परिच्छेदात.

आणखी एक, विचारलं नाहीत तरी. आजच्या गावठाणालाच जुनं गाव समजू नका. दरड, पाणी, रोगराई, धरण अशा कारणांनी डोंगरातली गावं सरकलेली आहेत. ‘जुनी पांढरी’ (जुन्या वस्तीची जागा) नावाचं शेत कुठे आहे ते गुराख्यांना विचारा. तिथली माती राखेरी असते, नांगरताना खापऱ्या आणि जात्याच्या तळ्या निघतात. फोटो काढा, जागा नोंदवा, उकरू नका. उत्खनन परवानगीशिवाय करता येत नाही. देवराई, पाण्याची टाकी आणि घाटाची नाळ (घळीतून उतरणारी वाट) या तिन्ही जागा त्याच नकाशावर घ्या.

स्मरणिकेला दोनच महिने असतील तर पूर्ण इतिहास छापायच्या भरीस पडू नका. कागदाचा फोटो, त्याखाली मोडीचं अक्षरशः देवनागरी लिप्यंतर आणि सन जसा आहे तसा शब्दांत, एवढंच द्या. इसवी सन कंसात, आणि तोही दोन जणांनी स्वतंत्रपणे काढून जुळला तरच. गाठोड्यातल्या कागदांवर सन दिसत असेल तर फोटो इथे टाका, वाचून सांगते.