८५ एमएम १.२ : बुगडी धारदार, डोळे मऊ? लेन्स विकू नका

ताई, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. सेकंडहँड कॅनन ८५ एमएम एफ १.२ एल टू ही पोर्ट्रेटची लेन्स, जुन्या ६डी या डीएसएलआर (आत आरसा असलेल्या) कॅमेऱ्यावर. तुळजापूरला आराधी बायकांचे फोटो. कानातली बुगडी कोरून काढल्यासारखी, डोळे मात्र मऊ. आणि सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात लेन्स ओके, म्हणून तुम्ही ती विकायला निघालात. लातुरात बसून हे सगळं मी भोगलंय.

शटर, आयएसओ तुम्हाला येतंच, ते सोडतो. आधी एक चाचणी करा. कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, दोन-तीन मीटरवर वर्तमानपत्र चिकटवा आणि शेजारी पट्टी तिरपी ठेवा. एफ १.२ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडून, एक फोटो व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावून), एक लाइव्ह व्ह्यूमधून (मागच्या स्क्रीनवर बघून). लाइव्ह व्ह्यूचा धारदार आणि दुसरा मऊ आला, तर काच चांगली आहे. डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरचा फोकस वेगळा सेन्सर मोजतो आणि फोटो मुख्य सेन्सरवर उमटतो. दोघांचं माप जरा जुळलं नाही की १.२ वर ते लगेच उघडं पडतं, कारण दीड मीटरवरून फोकसची खोली, म्हणजे धारदार दिसणारा पट्टा, मिळते जेमतेम दोन सेंटीमीटर. डोळ्यापासून बुगडी त्याहून किती मागं असते बघा.

माझं सगळ्यात जास्त नुकसान एका सर्व्हिस सेंटरनं केलं. नाव लिहीत नाही. लेन्स पाठवली, ‘स्टँडर्डमध्ये आहे’ असा शिक्का मारून परत. मी म्हणालो, बॉडी आणि लेन्स एकत्र तपासा, जोडीत गडबड आहे. उत्तर काय, तर बॉडी वेगळ्या काउंटरला, वेगळ्या पावतीवर. कार्डावरचे फोटो दाखवायला गेलो तर बघायलाही तयार नाहीत; ‘आमच्या चार्टवर बरोबर येतंय’. चार्टला डोळे असतात का हो? माझा लग्नाचा अख्खा सीझन त्यात गेला आणि ठरलेली कामं दुसऱ्यांकडं गेली. लांबून कुरियर करणाऱ्या माणसाला असं टोलवणं मला आजही पटत नाही. म्हणून पाठवायचीच वेळ आली, तर जोडी एकत्रच पाठवा, नमुन्याचे फोटो छापून सोबत ठेवा आणि ‘दोन्ही एकत्र जुळवून द्या’ हे पावतीवर लिहून घ्या.

पण बहुतेक तशी वेळ येणार नाही. ६डी च्या मेनूत एएफ मायक्रोॲडजस्टमेंट आहे, म्हणजे ऑटोफोकस थोडा पुढं-मागं सरकवायची सोय, उणे २० ते अधिक २०. तुमचा फोकस मागं जातोय, म्हणजे उणे बाजूला दोन-तीन आकडे सरकवत जा. दर वेळी फोकस पूर्ण बिघडवून नव्यानं लावा आणि एका आकड्यावर बरेच फोटो काढा, एकावर विश्वास ठेवू नका. मी मेकॅनिक नाही. लेन्स पडलेली असेल तर हा उपाय चालणार नाही. आणि मधल्या पॉइंटवर फोकस धरून फ्रेम हलवायची सवय असेल, तर १.२ वर ती सोडा.

मिररलेसवाले (आरसा नसलेले कॅमेरे वापरणारे) म्हणतील, बॉडीच बदला. खरंय, तिथं फोकस मुख्य सेन्सरच मोजतो, ॲडॅप्टर लावून हीच लेन्स डोळा छान पकडते. पण पैसे जपून असतील तर घाई नको.

ही लेन्स १ किलोच्या वर आहे, फोकस सावकाश घेते, मोत्याच्या नथीला १.२ वर जांभळी-हिरवी कड आणते. एफ २ वर आणलं की कड बरीच कमी होते. तरी मळवट भरलेला चेहरा आणि मागं विरघळलेली गर्दी हिच्यासारखी मला दुसऱ्या कुठल्याच लेन्सनं दिली नाही, हे माझं ठाम मत.

दुपारच्या उन्हात १.२ वर आयएसओ १०० ला ६डी चं सगळ्यात वेगवान, एक चार हजारांश शटरही पुरत नाही, ७२ एमएमचा एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काळी काच) घ्या. लेन्स काढण्याआधी कॅमेरा चालू असतानाच फोकस अनंतावर नेऊन पुढची नळी आत घ्या. फोकसची रिंग विजेवर चालते, लेन्स काढल्यावर ती फिरवून उपयोग नाही. मागची काच अगदी कडेला आहे, लावताना जपा. चाचणीचे दोन्ही फोटो इथं टाका, आकडा किती ठेवायचा ते बघू.