वीस वर्षांचा नवरदेव ‘अल्पवयीन’ कसा?

प्रश्न असा आहे: ‘अल्पवयीन वराचा (वय २०) विवाह रोखला’ अशी बातमी वाचली. मतदानाचा हक्क असलेला मुलगा अल्पवयीन कसा?

अल्पवयीन नाहीच. बातमीतला शब्द चुकला आहे, पण लग्न रोखलं ते बरोबरच.

‘अल्पवयीन’ आणि कायद्याच्या मराठीतला ‘अज्ञान’ हे एकाच अर्थाचे शब्द. सातबाऱ्यावर ‘अपाक’ शेरा असतो ना, त्यातला ‘अ’ म्हणजे हाच अज्ञान. १८७५च्या सज्ञानतेच्या कायद्यानुसार १८ पूर्ण झाली की माणूस सज्ञान, मग मुलगा असो की मुलगी. बालविवाह प्रतिबंधाच्या २००६च्या कायद्यात मात्र ‘बालक’ या शब्दाची स्वतःची व्याख्या आहे: २१ पूर्ण न झालेला पुरुष किंवा १८ पूर्ण न झालेली स्त्री. ‘अज्ञान’ची व्याख्या त्याच कलम २ मध्ये वेगळी दिली आहे. म्हणजे हा नवरदेव सज्ञानही आहे आणि या कायद्यापुरता बालकही.

या दुहेरीपणाचा परिणाम कलम ९ मध्ये दिसतो. तिथे शिक्षा आहे ती बालिकेशी लग्न करणाऱ्या १८ वर्षांवरील पुरुषाला: दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वीस वर्षांच्या मुलाने सतराच्या मुलीशी लग्न केलं तर तो ‘बालक’ असूनही आरोपी होतो. वधू सज्ञान असेल तर त्याला हे कलम लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं. तरीही तो बालविवाहच, कारण दोघांपैकी एक बालक असलं तरी पुरतं.

बातमीत लिहावं ‘विवाहाचं वय पूर्ण न झालेला वर’. लांब वाटतं, पण बिनचूक आहे.

वय सांगतानाही घोळ होतो. ‘मुलीला अठरावं लागलंय’ म्हणजे तिची सतराच पूर्ण झालीत. १० जून २००८चा जन्म असेल तर अठरावं लागतं १० जून २०२५ला आणि १८ पूर्ण होतात १० जून २०२६ला, तो दिवस सुरू होताच. मधलं आख्खं वर्ष लग्न बेकायदेशीर. ‘अठरा चालू आहे’ या उत्तरावर थांबू नये, जन्मतारीख विचारावी.

‘बालविवाह रद्दबातल असतो’ हेही सरसकट खरं नाही. साधारणतः तो शून्यकरणीय असतो, म्हणजे लग्नाच्या वेळी बालक असलेल्या जोडीदाराने जिल्हा न्यायालयात अर्ज केला तर रद्द होतो. सज्ञान झाल्याला दोन वर्षं पूर्ण होण्याआधी हा अर्ज करावा लागतो. मुळातच शून्य ठरतो तो अज्ञान मुलाला वा मुलीला पळवून, जबरदस्तीने, फसवून किंवा विकून लावलेला विवाह, आणि न्यायालयाचा मनाई हुकूम मोडून लावलेलाही.

भारताबाहेरच्या बातम्यांत ‘अल्पवयीन’ आणखीच फसवा. जपानमध्ये मार्च २०२२पर्यंत सज्ञानता विसाव्या वर्षी, पण मुलीला सोळाव्या वर्षी लग्न करता येई आणि लग्न झालं की ती कायद्याने सज्ञान! आता दोन्ही वयं १८ आहेत. चीनमध्ये सज्ञानता १८ला, लग्न मात्र पुरुषाला २२ आणि स्त्रीला २० पूर्ण झाल्यावर. नेपाळमध्ये दोघांनाही २०. इंग्लंड-वेल्समध्ये पालकांच्या संमतीने सोळाव्या वर्षी लग्न होई, ते फेब्रुवारी २०२३पासून बंद झालं.

आकडेवारीत ‘बालविवाह’चा अर्थ पुन्हा बदलतो. आंतरराष्ट्रीय अहवालांत सीमा मुलगा-मुलगी दोघांनाही १८च, त्यामुळे आपला वीस वर्षांचा नवरदेव तिथे मोजलाच जात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीतला २३.३ टक्के हा आकडा २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी किती जणींचं लग्न अठराच्या आत झालं, ते सांगतो. तो ‘देशात २३ टक्के लग्नं बालविवाह’ असा छापला की चुकतो.

जाता जाता ‘संमतिवय’. १८९१च्या कायद्याने मुलींचं लग्नाचं वय बारा केलं, असं वाचायला मिळतं. त्या कायद्याने दहावरून बारावर नेलं ते शरीरसंबंधाचं संमतिवय, विवाहित मुलींसाठीसुद्धा. ब्रिटिश हिंदुस्थानात लग्नाच्या वयाची अट आली ती १९२९च्या सारडा कायद्याने, मुलीला १४ आणि मुलाला १८. आजचे १८ आणि २१ हे आकडे १९७८च्या दुरुस्तीचे.