डायलायझरच्या (डायलिसिसमध्ये रक्त गाळणाऱ्या उपकरणाच्या) पडद्यासाठी सेल्युलोज चांगलं की पॉलिसल्फोन?

आज निवड करायची असेल तर पॉलिसल्फोन किंवा त्याच जातीचं पॉलिइथरसल्फोन, दोन्ही कृत्रिम प्लास्टिकं. पण कारण नीट समजून घ्या, कारण 'सेल्युलोज' हा एकच पदार्थ नाही.

क्युप्रोफॅन या जुन्या सेल्युलोज पडद्याच्या पृष्ठभागावर मोकळे हायड्रॉक्सिल गट असतात. रक्त त्यांना लागताच कॉम्प्लिमेंट यंत्रणा (रक्तातल्या संरक्षक प्रथिनांची साखळी) चेतते, आणि पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटतात. त्या फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. तासाभरात आकडा पुन्हा वर येतो, पण हे दर डायलिसिसला घडतं. सेल्युलोज ट्रायअॅसिटेट या सुधारित प्रकारात हे गट झाकलेले असल्याने त्रास बराच कमी होतो, म्हणून त्याला क्युप्रोफॅनच्या पंगतीला बसवू नका.

युरिया (60 डाल्टन; डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) सेल्युलोज आणि पॉलिसल्फोन दोन्हींतून छान निघतो. खरा फरक बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिन या प्रथिनाचा, सुमारे 11,800 डाल्टन. क्युप्रोफॅन त्याला जवळपास अडवतंच. हाय-फ्लक्स (मोठ्या छिद्रांचं) पॉलिसल्फोन ते काढून टाकतं. वर्षानुवर्षं डायलिसिसवर असलेल्यांच्या सांध्यांत आणि मनगटात साचतं ते हेच प्रथिन, त्यामुळे मला हा मुद्दा सर्वांत मोलाचा वाटतो. मात्र छिद्रं फार मोठी झाली की अल्ब्युमिन हे शरीराला हवं असलेलं प्रथिनही निसटतं.

पॉलिसल्फोन मुळात जलविरोधी. त्यात पीव्हीपी हे पाणी धरणारं पॉलिमर मिसळून ते रक्ताला सोसवेल असं करतात. तरी क्वचित त्याचीही अॅलर्जी दिसते.

एक इशारा: रुग्ण एसीई इनहिबिटर गटातली रक्तदाबाची गोळी घेत असेल, तर एएन69 हा वेगळ्या कृत्रिम पदार्थाचा पडदा टाळा. त्याच्या ऋण प्रभारामुळे ब्रॅडिकायनिन (रक्तवाहिन्या सैल करणारं रसायन) वाढून जिवावर बेतू शकतं.