आधी तारीख सांग

बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझं लांबलचक पत्र आणि सगळे स्क्रीनशॉट मिळाले. तुझ्या रेल्वे सिम्युलेटरच्या खेळात इंग्लंडातल्या बाथपासून ईव्हरक्रीच जंक्शनपर्यंत रूळ टाकून झाले, स्टेशनं उभी राहिली, आणि आता लोकांच्या फर्माइशी सुरू झाल्यात. कुणाला या लाईनीच्या मूळ कंपनीचं, सॉमरसेट अँड डॉर्सेटचं, जुनं निळं इंजिन हवंय, कुणाला बोर्नमथची पाइन्स एक्स्प्रेस गाडी, कुणाला ईव्हनिंग स्टार. "काका, सगळंच देऊन टाकलं तर काय बिघडतं? आणि द्यायचं नसेल तर नाही कुणाला म्हणू?" असं विचारून तू मोकळी झालीस.

कौतुक नंतर कधीतरी करीन. आधी मला तारीख सांग, तुझ्या खेळात कुठला दिवस चाललाय त्याची.

साल नको. "पन्नाशीचा काळ" तर मुळीच नको. तारीख हवी, वारासकट.

आता हिशोब बघ. त्या कंपनीची इंजिनं निळी होती ती १९३० पर्यंत. त्या वर्षी इंजिनांचा कारभार एलएमएस या मोठ्या रेल्वे कंपनीकडे गेला आणि निळा रंग संपला. ९एफ जातीची मोठी इंजिनं या मार्गावर कामाला लागली ती १९६० च्या उन्हाळ्यात. ईव्हनिंग स्टार हे ब्रिटिश रेल्वेसाठी बांधलेलं शेवटचं वाफेचं इंजिन. ते १९६० च्या मार्चमध्ये स्विंडनच्या कारखान्यातून बाहेर पडलं, पण सॉमरसेट अँड डॉर्सेटवर आलं १९६२ च्या ऑगस्टमध्ये. आणि पाइन्स या रस्त्यानं शेवटची गेली ८ सप्टेंबर १९६२ ला. म्हणजे पाइन्सच्या तोंडाला ईव्हनिंग स्टार जोडायचं असेल तर तुझ्या हातात जेमतेम काही आठवडे आहेत. तू मात्र ते निळ्या इंजिनाच्या शेजारच्या फलाटावर उभं केलंस, आणि वर छपरांवर बर्फ टाकलास! ९एफला डबे गरम करण्यासाठी वाफ पुरवायची सोयच नव्हती. म्हणून उन्हाळा संपला की त्यांची दुसरीकडे रवानगी व्हायची. तुझ्या चित्रातले प्रवासी बोर्नमथला पोचेपर्यंत काकडून गेले असते.

तू म्हणशील, एवढं कोण बघतं? मी बघतो.

तुझ्या बाथच्या स्टेशनाकडे ये. कमानीच्या छपरातून काचेतून गाळलेला उजेड फलाटावर पडलाय, फार देखणा जमलाय. पण १९४२ च्या एप्रिलमधल्या बॉम्बहल्ल्यात त्या छपराची काच गेली, आणि गाड्या बंद होईपर्यंत पुन्हा बसली नाही. म्हणजे युद्धानंतरची कुठलीही तारीख घेतलीस तर वर नुसता लोखंडी सांगाडा हवा, उजेड सरळ यायला हवा, आणि पाऊस आला की फलाट भिजायला हवा. त्याच फलाटावरच्या पाटीवर तू "ग्रीन पार्क" लिहिलंयस. ते नाव अधिकृत झालं १९५१ मध्ये. त्या फलाटावर निळं इंजिन उभं करायचं तर पाटी बदल, काच ठेव. काळं ७एफ, म्हणजे मालगाडीचं इंजिन, उभं करायचं तर पाटी ठेव, काच काढ. इंजिनाच्या तोंडावरची, त्याच्या शेडचा क्रमांक असलेली छोटी पट्टीसुद्धा बघ. बाथचा क्रमांक १९५८ च्या फेब्रुवारीपर्यंत ७१जी होता, मग ८२एफ झाला. या गोष्टी एकेक पाठ करत बसलीस तर वेड लागेल. तारीख ठरवलीस की त्या आपोआप आपापल्या जागी येऊन बसतात. तुझा सगळा गोंधळ तारीख नसल्याचा आहे, माहिती कमी असल्याचा नाही. माहिती तुझ्याकडे माझ्यापेक्षा जास्त आहे.

आणि झाडं. तू जमिनीची उंची आजच्या लेसर-मोजणीतून घेतलीस. ठीक आहे, मीही घेतो. पण ती मोजणी आजची जमीन दाखवते. प्रेस्टलीचा पूल १९९३ मध्ये पाडला, तो तिथं कसा सापडेल? भराव कुठे सपाट झालेत, कुठे घरं आलीत. तुझ्या रुळांच्या दोन्ही बाजूंना जे जंगल माजलंय ते गाड्या बंद झाल्यानंतरचं. वाफेच्या दिवसांत गँगमन उतारावरचं गवत कापायचे, जाळायचे, कारण इंजिनाच्या ठिणग्यांनी आग लागायची. बांध बोडके असायचे. उलट शेतांच्या कुंपणांत एल्मची उंच झाडं रांगेनं उभी होती. साठीच्या दशकाच्या अखेरीपासून रोग पसरला आणि ती लाखोंनी मेली. आजच्या व्हिडिओत पाहून केलेल्या सॉमरसेटमध्ये एल्म नसतो, आणि एल्म नसलेलं १९५५ म्हणजे १९५५ नव्हेच. जुने पंचवीस इंची नकाशे नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडनं फुकट ठेवलेत, ते तू वापरतेसच. पण कोपऱ्यात पाहणीचं साल असतं, ते वाचत जा. साइडिंग नकाशावर आहे म्हणून तुझ्या दिवशी होतं असं नाही.

माझी तारीख तुला ठाऊक आहे: मंगळवार, १२ जुलै १९५५. लोक हसतात. "त्या दिवशी काय झालं होतं?" काहीही नाही, माझ्या माहितीत तरी. म्हणूनच घेतली. तो जुलै तिथं कोरडा आणि उन्हाचा होता, त्यामुळे माझं गवत पिवळं आहे आणि आकाशाला धग आहे. सहाच दिवसांनी, १८ तारखेला, डॉर्सेटमधल्या मार्टिन्सटाउनला एका दिवसात २७९ मिलिमीटर पाऊस कोसळला. आपल्या कोकणातल्या माणसाला त्याचं अप्रूप वाटणार नाही, पण इंग्लंडात तो कित्येक दशकं विक्रम म्हणून टिकला. मी आठवडाभर पुढची तारीख घेतली असती तर सगळं आभाळ पुन्हा रंगवावं लागलं असतं. तारीख म्हणजे काय, ते एवढ्यावरून समजून घे.

तुला कुणीतरी माझ्याबद्दल सांगितलंच असेल, म्हणून मीच सांगतो. हा मार्ग आम्ही दोघांनी सुरू केला होता. दुसऱ्याचा हात माझ्यापेक्षा हलका. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये तो एका संध्याकाळी सिग्नलची केबिन उभी करायचा, आत तरफांची रांग, खिडकीत चहाची किटली. त्याचं म्हणणं, १९५० ते १९६६ सगळं एकत्र ठेवू, ज्याला जे हवं ते तो निवडेल. मी म्हटलं, डिसेंबरमध्ये ९एफ दिसलं तर माझं नाव काढ. त्यानं काढलं. त्याचा मार्ग बोर्नमथ वेस्टपर्यंत पोचला, लोक आवडीनं चालवतात. माझा अजून मिडफर्डच्या पुढे गेलेला नाही. आमचं बोलणं थांबलं याचं मला वाईट वाटतं, आणि वाढदिवसाला फोन करावा असं दरवर्षी वाटतं. पण म्हणून डिसेंबरात ९एफ बरोबर ठरत नाही. माझ्या चार-पाच मैलांत तू कुठेही थांब, कुठलाही खांब दाखव, तो तिथं का आहे हे मी सांगेन. १९३० नंतर रूळ आणि सिग्नल सदर्न रेल्वेकडे होते, म्हणून माझे काही सिग्नल जुन्या रुळांच्या जोडखांबांवर उभे आहेत आणि कुंपणाचे खांब सिमेंटचे आहेत. हे कुणी विचारत नाही. न विचारो.

आता जे खरोखर सांगायचंय ते. तू कर्जतची आहेस. मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लागला की गाडीचा आवाज कसा बदलतो हे तुला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. बोरघाटात ३७ फुटांना एक फूट चढ आहे. बाथ जंक्शन सोडलं की ५० फुटांना एक, पण तिथं वाफ होती, एकेरी रूळ होता आणि पुढे बोगदे. मालगाडीला मागून बँकर ढकलायचा. तो जोडलेला नसायचा. कोम डाउन बोगद्याच्या अलीकडे तो मागे राहायचा आणि उलटा बाथला उतरायचा. तुझ्या खेळात बँकर गाडीला चिकटून थेट मिडफर्डपर्यंत जातो. ते काढ.

कोम डाउनचा बोगदा १,८२९ यार्डांचा, अरुंद, आणि मध्ये हवेसाठी एकही झरोका नाही. मिडफर्डकडून बाथला येताना आत शंभरास एक चढ. २० नोव्हेंबर १९२९ ला ८९ क्रमांकाचं ७एफ टेंडर पुढे ठेवून मालगाडी घेऊन इथं शिरलं. वेग अगदी कमी होता, धूर कोंडला, ड्रायव्हर आणि फायरमन बेशुद्ध झाले. इंजिन रांगत बोगद्याबाहेर आलं आणि पुढच्या पन्नासास एकच्या उतारावर सुटलं ते बाथच्या मालधक्क्यात जाऊन आदळलं. ड्रायव्हर गेला, यार्डातली आणखी दोन रेल्वेची माणसं गेली.

सिम्युलेटरमध्ये कुणी गुदमरत नाही. धूर काढता येतो, श्वास काढता येत नाही. मग निदान एवढं कर: इथं मालगाडी हळू चालवायची असेल तर ती हळूच चालली पाहिजे. तुझं ७एफ भरल्या वाघिणी घेऊन त्या चढावर ताशी तीस मैलांनी पळतंय! वाघिणींचं वजन तू रिकाम्यांचं ठेवलंयस. आणि सैल साखळ्यांच्या मालगाडीला मोठ्या उताराआधी थांबून गार्डाला वाघिणींचे ब्रेक हातानं दाबावे लागायचे, त्याची मिनिटं वेळापत्रकात कुठे आहेत? लोक म्हणतील कंटाळवाणं आहे. म्हणू देत. पाटीचा रंग चुकला तर मी कुरकुर करीन, वजन चुकलं तर मात्र तुझ्याशी भांडेन.

आमच्या शेजारी पुणे–दौंड–सोलापूर मार्गावर वाफेची इंजिनं चालवलेले एक निवृत्त ड्रायव्हर राहायचे. चढावर वाफ कशी टिकवायची हे त्यांच्याकडून ऐकायचं कायम उद्यावर राहिलं, मग ते गेले. तुझ्या आसपास असं कुणी असेल तर नकाशे मिटव आणि या आठवड्यातच जा.

घरचे म्हणतात ना, इंग्रजांची लाईन कशाला, आपला घाट कर? कर की, मला आनंदच होईल. पण कल्याण–पुणे मार्गावर विजेची इंजिनं १९२९ च्या सुमारास आली. तिथंही मी पहिला प्रश्न तोच विचारणार आहे.

तेव्हा पुढच्या पत्रात एकच ओळ पुरे: वार, दिनांक, महिना, साल. ८ सप्टेंबर १९६२ घेऊ नकोस, तो सगळेच घेतात. उन्हाळ्यातला शनिवारही घेऊ नकोस. सुट्टीच्या गाड्यांची रांग लागते, ईव्हरक्रीचच्या मधल्या रुळावर जोड-इंजिनं एकामागे एक उभी असतात, आणि त्यांची पाळी लावता लावता तू सगळं सोडून देशील. आठवड्यातला साधा दिवस घे. ज्यांना निळं इंजिन हवंय त्यांना स्पष्ट कळव की त्या दिवशी ते इथं नव्हतं. रागावतील. रागावू देत.

तुझा,
काका

ता. क. रॅडस्टॉकला रस्त्यावर फाटक एक नव्हे, दोन आहेत, अगदी जवळजवळ. दुसरं मूळच्या ग्रेट वेस्टर्नच्या लाईनीचं. १९४९ पासून आपलं स्टेशन "रॅडस्टॉक नॉर्थ" आणि त्यांचं "वेस्ट". तारीख कळली की पाटीचं बघू, फाटक मात्र आजच टाक.